हरलेल्याची फेरफिर्याद

दिवाणी कोर्टात तीस-पस्तीस वर्षे काढल्यावर कायद्यातल्या बऱ्याच शब्दांवरचा माझा विश्वास टिकून आहे. एका शब्दाबद्दल मात्र संशय येतो. तो शब्द ‘अंतिम’. निकाल अंतिम झाला, असे आपण म्हणतो. अपील झाले, दुसरे अपील झाले, मुदती संपल्या, हुकूमनाम्यावर शिक्का बसला. यानंतर हरलेल्याने घरी जावे, अशी कायद्याची अपेक्षा असते आणि ती योग्यच आहे. भांडण कधी संपणारच नसेल तर कोर्टाची इमारत बांधायची कशाला? पण दोन हजार वर्षांच्या कायद्याच्या पोथ्या चाळल्या तर असे दिसते, की ज्यांनी ज्यांनी निकाल अंतिम असल्याचे लिहिले, त्या बहुतेकांनी शेजारीच एक लहानसे दार ठेवले. त्या दाराचा इतिहास शोधावा, एवढाच या लेखाचा उद्देश आहे.

आपल्या धर्मशास्त्रात प्रतिवादीच्या उत्तराचे चार प्रकार सांगितले आहेत. आरोप नाकारणे ते मिथ्या, कबूल करणे ती संप्रतिपत्ति, कबूल करून वेगळे कारण सांगणे ते प्रत्यवस्कंदन, आणि चौथे प्राङ्न्याय. या माणसाने हाच वाद पूर्वी माझ्यावर आणला होता आणि तो हरला होता, असे सांगणे म्हणजे प्राङ्न्याय. आजच्या दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम ११ हेच सांगते, फक्त शब्द फार वापरते. कात्यायनाचे या अर्थाचे वचन सतराव्या शतकात नीलकंठभट्टाने ‘व्यवहारमयूखा’त घेतले. नीलकंठ काशीचा, पण घराणे मूळचे पैठणचे. गुजरात, मुंबई बेट आणि उत्तर कोकण या भागांत इंग्रजी कोर्टेही मयूखाला मिताक्षरेच्या वर मान देत. पां. वा. काणे यांनी या ग्रंथाची संपादित आवृत्ती १९२६ साली काढली. काणे स्वतः मुंबई उच्च न्यायालयात वकिली करत, त्यामुळे त्यांच्या टिपा वाचताना पंडिताबरोबर वकीलही शेजारी बसल्यासारखा वाटतो.

प्राङ्न्यायाची कथा लंडनपर्यंत गेली. १९१६ साली प्रिव्ही कौन्सिलसमोर एका मृत्युपत्राच्या वादात पूर्वनिर्णयाचा प्रश्न आला, तेव्हा सर लॉरेन्स जेंकिन्स यांनी निकालपत्रात विज्ञानेश्वर आणि नीलकंठ यांचा आधार घेतला. हे तत्त्व इंग्रजांनी इथे आणलेले नाही, ते इथे आधीपासून होते, असा त्याचा रोख. जेंकिन्स पूर्वी मुंबईचे आणि मग कलकत्त्याचे मुख्य न्यायाधीश होते. अलीपूरच्या बाँब खटल्यात बारींद्रकुमार घोष आणि उल्हासकर दत्त यांची फाशी अपिलात रद्द करून जन्मठेप देणाऱ्या पीठावर ते होते. हा माणूस पोथी आणि माणूस दोन्ही वाचणारा असावा, असे मला नेहमी वाटते.

आता शेजारचे दार. याज्ञवल्क्यस्मृतीच्या व्यवहाराध्यायात सांगितले आहे, की बळजबरीने किंवा ‘उपाधी’ने घडवून आणलेले व्यवहार राजाने फिरवावेत. उपाधि म्हणजे कपट. त्याच अध्यायाच्या अखेरीस दोन नियम लागोपाठ येतात आणि ते एकत्र वाचल्याशिवाय त्यांची गंमत कळत नाही. पहिला असा, की चुकीच्या रीतीने निकालात काढलेला वाद राजाने स्वतः पुन्हा पाहावा आणि चूक आढळल्यास सभेतल्या निर्णेत्यांना, तसेच जिंकलेल्या पक्षालाही, वादाच्या दंडाच्या दुप्पट दंड करावा. दुसरा असा, की न्यायाने हरूनही ‘मी हरलोच नाही’ असे मानून जो पुन्हा येतो, त्याला पुन्हा हरवून त्याच्याकडून दुप्पट दंड घ्यावा. म्हणजे दार उघडे आहे, पण आत येताना दोन्ही बाजूंनी पैज लावायची. विशेष म्हणजे पैजेत न्यायाधीशही आहेत! पुढच्या कुठल्याच कायद्याला ही हिंमत झाली नाही.

मराठेशाहीत हरणाऱ्याचे तोंड बंद करण्याची पद्धत वेगळी होती. गोतसभेपुढे वाद तुटला की जिंकणाऱ्याला महजर किंवा निवाडपत्र मिळे, आणि हरणाऱ्याकडून येजितखत लिहून घेत. आपण खोटे ठरलो, या वतनाशी आपला संबंध नाही, पुढे कजिया करणार नाही, असे त्यानेच लिहून द्यायचे. जिंकणारा सरकारात हरकी भरी आणि हरणारा गुन्हेगारी. आजच्या निकालपत्रावर हरणाऱ्याची सही नसते. कोर्ट सांगते आणि तो ऐकतो. येजितखतात मात्र पराभव त्याच्याच तोंडून वदवलेला असे. तरीही वतनांचे कज्जे पिढ्यान्‌पिढ्या उकरले जात. वतन म्हणजे नुसती जमीन नसते, पोळ्याला आणि होळीला कोणाचा मान पहिला, हेही त्यात असते. कागदावर लिहून दिल्याने ते विसरले जाईल, हे कोणी खरे मानत नसावे.

कपटाने मिळवलेल्या निकालाचे आजचे आपले सगळे शास्त्र ज्या खटल्यावर उभे आहे, तो मात्र वतनाचा नाही. तो एका बाईच्या दोन लग्नांचा आहे.

एलिझाबेथ चडली ही इंग्लंडच्या राजघराण्यात, वेल्सच्या राजपुत्राच्या पत्नीच्या पदरी मानाची सखी होती. ४ ऑगस्ट १७४४ च्या रात्री हॅम्पशायरमधल्या लेन्स्टन येथील एका लहानशा चर्चमध्ये तिने ऑगस्टस हर्व्ही या नौदलातल्या तरुण अधिकाऱ्याशी गुपचूप लग्न केले. अंधार इतका, की हजर असलेल्या एका गृहस्थाने आपल्या हॅटमध्ये मेणबत्ती धरली आणि तिच्या उजेडात पाद्री एमिस याने विधी उरकला. साक्षीला मावशी, नात्यातले एक गृहस्थ, तो हॅटवाला आणि ॲन क्रॅडॉक नावाची दासी. लग्न गुप्त ठेवायचे कारण पोटाचे होते. लग्न झालेल्या सखीची राजवाड्यातली नोकरी जात असे. नवरा समुद्रावर गेला, परत आला, एक मूल झाले आणि लहानपणीच गेले. दोघांचे जमले नाही. काही वर्षांनी ती किंग्स्टनच्या ड्यूकबरोबर राहू लागली.

मध्येच एक विलक्षण गोष्ट घडली. हर्व्हीचा भाऊ ब्रिस्टलचा अर्ल होता. १७५९ साली तो आजारी असल्याची बातमी आली. तो गेला तर पदवी पुढेमागे हर्व्हीकडे येणार आणि आपण काउंटेस होणार. एलिझाबेथ तडक विंचेस्टरला गेली आणि अंथरुणाला खिळलेल्या एमिस पाद्र्याकडून पंधरा वर्षांपूर्वीच्या लग्नाची नोंद वहीत करून घेतली. आणि मग अर्ल बरा झाला. ज्या लग्नाचा पुरावा तिने स्वतः प्रवास करून तयार केला, तेच लग्न नव्हते असे तिला पुढे शपथेवर सांगायचे होते.

१७६८ साली हर्व्हीला सुटका हवी होती, तिलाही हवी होती. इंग्लंडात तेव्हा विवाहाचे प्रश्न धर्मन्यायालयाकडे होते, आणि तिथे एक चमत्कारिक दावा चाले. एखादा माणूस ‘ही माझी बायको’ अशी खोटी फुशारकी मारत असेल, तर त्याला गप्प बसवा, असा तो दावा. तिने हर्व्हीविरुद्ध तो लावला. हर्व्हीने लग्न झाल्याचे म्हणणे मांडले, पण ते शाबीत होणार नाही इतकेच मांडले. हॅट, मेणबत्ती, वही आणि दासी यांपैकी कोर्टापुढे काहीच नीट आले नाही. फेब्रुवारी १७६९ मध्ये लंडनच्या धर्मन्यायालयाने ती अविवाहित असल्याचे जाहीर केले, आणि ८ मार्चला तिने ड्यूकशी लग्न केले. दोन्ही पक्ष आतून एक असले की निकाल किती लवकर लागतो!

ड्यूक १७७३ साली वारला आणि बहुतेक सारी मालमत्ता तिच्या नावे ठेवून गेला. वगळला गेलेला भाचा इव्हलिन मेडोज याने तिच्यावर द्विभार्येसारखा, म्हणजे दोन नवरे केल्याचा, फौजदारी आरोप आणवला. तोवर हर्व्ही खरोखरच ब्रिस्टलचा अर्ल झाला होता. त्यामुळे पहिले लग्न खरे असले तरी ती उमरावाची पत्नी ठरत होती आणि तिचा खटला उमरावांच्या सभेपुढेच चालणार होता. एप्रिल १७७६ मध्ये तो वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये चालला. लोक नाटकाला जावे तसे गेले. (आपल्याकडे त्याच वर्षी मार्चमध्ये पुरंदरचा तह झाला, आणि भाऊसाहेबांच्या तोतयाचे एकदा निकालात निघालेले प्रकरण पुन्हा उघडून डिसेंबरात त्याच्या देहान्ताने संपले. हरलेला माणूस पुन्हा उभा राहण्याचे ते वर्षच असावे.)

तिच्या वकिलांचा बचाव एका वाक्यात सांगता येईल: सक्षम न्यायालयाचा अंतिम निकाल आहे, तो फिरलेला नाही, म्हणून पहिल्या लग्नाचा पुरावा इथे ऐकूच नका. हा प्रश्न सभेने न्यायाधीशांकडे सोपवला आणि सरन्यायाधीश डी ग्रे यांनी उत्तर दिले. त्याचा पहिला भाग असा, की धर्मन्यायालयाचा तो निकाल राजाच्या फौजदारी खटल्याला बांधत नाही. दुसरा भाग पुढे अडीचशे वर्षे टिकला. निकाल बांधणारा आहे असे धरले, तरी तो कपटाने मिळवला होता हे दाखवून त्याचा परिणाम टाळता येतो. त्यांच्या विवेचनाचे सार मराठीत फार सोपे होते. न्यायालय चुकले, असे म्हणता येणार नाही. न्यायालयाला चकवले, असे मात्र म्हणता येईल.

अंतिम निकालावरच्या तक्रारींचा सगळा इतिहास मला या दोन क्रियापदांच्या मधल्या फटीत दिसतो. चुकले असेल तर अपील करा, आणि तेही मुदतीत. ती संपली की चूकही कायदा होते. चकवले असेल तर मात्र तो निकाल निकालच नव्हता, कारण ज्याच्यावर न्याय केला तो वादच खोटा उभा केलेला होता.

मग ॲन क्रॅडॉक आली. लग्नाला हजर असलेल्यांपैकी तीच उरली होती. एमिसची विधवा आली आणि वहीची हकीगत सांगून गेली. सीझर हॉकिन्स हा शल्यवैद्य आला आणि रुग्णाचे गुपित सांगावे लागेल का, असे त्याने विचारले. लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी त्याला अशी सवलत नसल्याचे सांगितले. वैद्याला साक्षीतून सुटका नाही, या नियमासाठी हा खटला आजही सांगितला जातो. उमरावांनी एकेक करून तिला दोषी ठरवले. न्यूकॅसलच्या ड्यूकने तेवढे पुरवणी जोडली, की तिने चूक केली, पण जाणूनबुजून नाही. शिक्षा म्हणून हातावर डाग द्यायचा होता. उमराव-स्त्रीच्या सवलतीने तोही टळला आणि ती फी भरून बाहेर पडली. तिच्या संपत्तीकडे नंतर येतो.

या खटल्याची नियमावली आपल्याकडे आणली जेम्स फिट्झजेम्स स्टीफन यांनी. १८७२ च्या भारतीय पुरावा कायद्याचे कलम ४४ म्हणजे वेस्टमिन्स्टर हॉलमधले ते उत्तर, चार ओळींत आटवलेले: समोरच्याने पूर्वीचा निकाल पुढे केला, तर तो अधिकार नसलेल्या कोर्टाने दिला किंवा कपटाने वा संगनमताने मिळवला, हे दाखवता येते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात हेच कलम ३८ म्हणून आले आहे. आकडा बदलला, एलिझाबेथ तशीच आहे.

दार आहे म्हटल्यावर गर्दी झालीच. प्रत्येक हरणाऱ्याला वाटते, की समोरचा खोटे बोलला म्हणून आपण हरलो. बऱ्याचदा ते खरेही असते. पण खोटी साक्ष म्हणजे कपट धरले तर दुसऱ्या दाव्यात दिलेल्या साक्षीवर तिसरा दावा होईल, तिसऱ्यावर चौथा. इंग्लंडच्या अपील न्यायालयाने १८७९ मध्ये ही भीती बोलून दाखवली आणि कलकत्ता उच्च न्यायालयाने १८९४ मध्ये त्याच वाटेने जाऊन सांगितले, की नुसत्या खोट्या साक्षीवर हुकूमनामा मोडणार नाही. साक्ष खोटी की खरी, हे त्या कोर्टानेच पाहायचे होते. प्रतिवादीला कोर्टापर्यंत पोचूच दिले नाही, तर ते कपट. हा फरक मला कायद्याच्या वर्गात पटला नव्हता. तो पटला मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या कोर्टात.

माझी पक्षकार ऊसतोड करणारी बाई. नवरा गेलेला, दोन मुले, दीड एकर कोरडवाहू. नवऱ्याच्या आजारपणात गावातल्या एकाकडून उचललेल्या पैशांपोटी कोऱ्या कागदावर अंगठे दिले होते. त्याचे साठेखत झाले. दिवाळीनंतर टोळी कारखान्याला गेल्यावर दावा लागला. समन्सवर शेरा आला, ‘घेण्यास नकार, दारावर चिकटवले’. दार होते, पण दाराआड माणूस नव्हते. नकार द्यायला निदान घरी असावे लागते. एकतर्फी हुकूमनामा झाला. पुढच्या हंगामात दरखास्त चालली, तिच्याही नोटिसा त्याच दारावर. कोर्टामार्फत खरेदीखत झाले आणि ताबा गेला. चैत्रात परत आल्यावर तिने आपल्या रानात दुसऱ्याचे औत पाहिले.

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ९ नियम १३ खाली अर्ज केला. मुदत ३० दिवसांची. समन्स रीतसर बजावले नसेल, तर ती हुकूमनामा कळल्यापासून मोजतात. कळल्याचा दिवस शाबीत करणे सोपे, ती त्या दिवशी गावात नव्हती हे अवघड. शेवटी मुकादमाची उचलीची वही आणि कारखान्याच्या वजनकाट्याच्या पावत्या कामाला आल्या. गाडीचा क्रमांक, तारीख, टन. समन्स चिकटवल्याच्या दिवशी ती गावापासून शेकडो मैलांवर ऊस तोडत होती, हे साखरेच्या हिशेबाने सांगितले. एकतर्फी हुकूमनामा रद्द झाला. मी आनंदाने तिला ते सांगितले, तेव्हा तिने एकच विचारले, “म्हंजे वकीलसाहेब, आता पुन्हा पयल्यापासनं?”

पहिल्यापासून, होय. अंतिम निकाल मोडला म्हणजे जिंकलो, असा अर्थ नसतो. भांडायची परवानगी परत मिळते, इतकेच.

कपटाची व्याख्या सर्वोच्च न्यायालयाने २७ ऑक्टोबर १९९३ च्या निकालात बरीच सैल केली. वादीने आपणच पूर्वी करून दिलेले हक्कसोडपत्र कोर्टापासून लपवून वाटपाचा हुकूमनामा मिळवला होता. मद्रास उच्च न्यायालयाचे म्हणणे पडले, की प्रतिवादीने ते शोधून काढायचे होते. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांनी ते नाकारले. कामाचा कागद दाबून ठेवणे हे कोर्टाशीच कपट, आणि असा हुकूमनामा कुठल्याही कोर्टात, अगदी आडमार्गानेही, नाकारता येईल. निकाल मला पटतो. त्याचा वापर पटत नाही. तेव्हापासून हरलेल्याच्या प्रत्येक दाव्यात कपट असतेच, आणि ते नेमके काय, कोणी, कधी केले हा तपशील मात्र नसतो, जरी संहितेचा आदेश ६ नियम ४ तो मागतो. याज्ञवल्क्याचा दुप्पट दंड असता तर निम्मे दावे आपोआप आटले असते.

पण सर्वोच्च न्यायालयच चुकले तर? राज्यघटनेच्या अनुच्छेद १३७ नुसार पुनर्विलोकन आहे, तेही सहसा त्याच न्यायाधीशांपुढे, बंद दालनात. त्यानंतर पुढे काही नव्हते. १० एप्रिल २००२ रोजी सरन्यायाधीश भरुचा यांच्या पाच जणांच्या पीठाने एका घटस्फोटाच्या प्रकरणात आणखी एक दार उघडले, उपचारात्मक याचिका. नैसर्गिक न्याय मोडला असेल, किंवा न्यायाधीशाचा हितसंबंध लपून राहिला असेल, अशा दुर्मिळ प्रसंगी. ज्येष्ठ वकिलाचे प्रमाणपत्र हवे, सर्वांत ज्येष्ठ तीन न्यायाधीशांनी ती आधी पाहावी, आणि याचिका निरर्थक ठरली तर जबर खर्च बसवता यावा. ही शेवटची अट वाचताना मला याज्ञवल्क्य ओळखू आला. न्यायाधीशांचा दंड तेवढा गळाला आहे.

बरोबर २२ वर्षांनी, १० एप्रिल २०२४ रोजी, सरन्यायाधीश चंद्रचूड यांच्या तीन जणांच्या पीठाने दिल्ली मेट्रोची अशी याचिका मंजूर केली. विमानतळ मार्ग चालवणाऱ्या खासगी कंपनीच्या बाजूचा लवाद-निवाडा २०२१ मध्ये त्याच न्यायालयाने कायम केला होता आणि व्याजासह रक्कम सुमारे ८००० कोटींवर गेली होती. तो निकाल गंभीर अन्याय करणारा ठरवून फिरवला गेला. २००२ च्या दोन कारणांत हे कुठे बसते, यावर वकीलवर्गात पुष्कळ बोलले गेले. मला त्या निकालातला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. फिरलेल्या निकालाच्या जोरावर दिलेले पैसे परत करा, असेही त्यात आहे. निकाल मोडला, पण त्याच्या आधारे नेलेले परत येणार का, हा खरा प्रश्न असतो. संहितेचे कलम १४४ त्यासाठीच आहे.

एलिझाबेथच्या बाबतीत ते झाले नाही. ड्यूकने मृत्युपत्रात संपत्ती तिला दिली होती आणि मृत्युपत्राला लग्न खरे असण्याची गरज नव्हती. मेडोज खटला जिंकला आणि रिकाम्या हाताने राहिला. ती कॅलेला गेली, पुढे रशियात कॅथरीन राणीच्या दरबारी वावरली, आणि १७८८ साली पॅरिसमध्ये वारली.

माझ्या पक्षकार बाईला कलम १४४ खाली रानाचा ताबा परत मिळाला. बांधावरचा लिंब मात्र मधल्या काळात तोडून विकला गेला होता. त्याच्या किमतीसाठी अर्ज केला, तेव्हा समोरच्या वकिलांनी उलटतपासणीत विचारले, की बुंध्याचा घेर किती होता? तिने दोन्ही हात पसरून दाखवले. लघुलेखकाला काय टंकावे ते कळेना. न्यायाधीशांनी चष्मा काढला, थोडा वेळ तिच्या हातांकडे पाहिले आणि सांगितले, “लिहा, साक्षीदार दोन्ही हात पसरून दाखवते.”